पाण्याबाहेर कोण बसणार?

हातकणंगले,
गुरुवार, १६ मे २०२४

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

चि. सूनबाई रक्षितास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या सासूचे गुडघे बरे नाहीत, पण ते मी कुणाला सांगितलेलं तिला खपत नाही. शांभवी आणि सोमू दिवसभर आंबे खातात आणि रात्री पोट धरून बसतात. सोमूनं परवा शेजारच्या गणपतरावांच्या शेळीला पाठीवर बसू दे म्हणून हट्ट धरला. शेळीनं ऐकलं नाही.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोन पोरांच्या हातात असतो आणि कायम स्पीकरवर असतो. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो. जन्मभर एस.टी.त तिकिटं तपासली, हळू बोलायची सवयच राहिली नाही. कागदावर तेवढा आवाज चढत नाही. गणपतराव उद्या कोल्हापूरला निघालेत, ते हे पत्र तुझ्या दवाखान्यात आणून देतील. वाटेत फोडणार नाहीत अशी आशा आहे. डिंक दोनदा लावला आहे.

तर रविवारी तू पोरांना नेणार आहेस त्या पाण्याच्या पार्कबद्दल. मी गेलो नसलो तरी चौकशी केली आहे. शालूबाईची सून पोरांना घेऊन जाऊन आली, तिला मी ओट्यावर बसवून सगळं विचारून घेतलं. दार उघडताना पोचायचं. उशिरा गेलं की सहलींच्या बसा येतात आणि मग रांगेतच सुट्टी संपते. सोमूची उंची मी दारापाशी मोजून ठेवली आहे. तिथे पाळण्याजवळ एक खांब असतो, त्यावरच्या रेघेला डोकं लागलं नाही तर बसू देत नाहीत. तेव्हा त्याला घरातच सांगायचं की तुला मोठ्या पाळण्यात बसायचं नाही. तिथे जाऊन सांगितलंस तर तो जमिनीवर लोळेल आणि त्याला उचलायला तुला दोन हात पुरणार नाहीत. आधी पाळणे, मग खाणं, मग सावलीत थोडा वेळ, आणि शेवटी पाणी. खाऊन लगेच गरगर फिरणाऱ्या कशात बसवलंस तर काय होतं ते मी घाटातल्या गाड्यांत बघितलेलं आहे. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत म्हणे, नायलॉनचेच लागतात, ते आधीच घेऊन ठेव. दोघांना एकाच भडक रंगाचे घाल, म्हणजे गर्दीत नजर ठरते. तुझा नंबर सोमूच्या हातावर लिहू नकोस, पाण्यात जाईल. त्याच्याकडून पाठ करून घेतोय. सध्या मधला आकडा तो स्वतःच्या मनानं घालतो.

एवढं झालं पार्कचं. आता दुसरं.

मी म्हणालो, मीही येतो. तू म्हणालीस, मामा, उन्हाचा त्रास होईल. मग म्हणालीस, तिथे बसायला जागा नसते. मग म्हणालीस, अत्तींचे गुडघे असे, त्यांना एकट्यानं कसं ठेवायचं. मी एकदाच विचारलं होतं, रक्षिता. आणि तू कारणं तीन दिलीस. गाडीत चढलो की जो मी विचारायच्या आधीच बोलायला लागायचा, त्याच्याच खिशात तिकीट नसायचं.

कसं जाणार, असं विचारलं तर म्हणालीस, गाडीची सोय झाली आहे. सोय आपोआप होत नसते. कुणीतरी करतं. कुणी केली ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही, कारण तुझी सासू तेव्हा माझ्याकडे बघत होती.

त्या सासूचंही मला काही कळेनासं झालंय. रविवारी बरोबर द्यायला दशम्यांचं पीठ किती काढायचं हे ती आत्तापासून बघते आहे आणि तो अंदाज तुम्हा तिघांचा नाही. विचारलं तर म्हणते, "पाण्यात खेळल्यावर भूक लागत्या. तुमची ड्युटी संपली की आता, बास करा तपासणी."

शेवटचं, आणि खरं महत्त्वाचं. शांभवीच्या गळ्यातलं इष्टलिंग. ती पाळण्यात होती तेव्हा मठातल्या स्वामींनी बांधलं, तिच्या बापाच्या, बसवेशच्या मांडीवर. तुझं तू ड्युटीमुळे देव्हाऱ्यात ठेवतेस, त्यावर मी कधी बोललो नाही. पण पोरीचं तिच्या अंगावर असतं आणि राहिलं पाहिजे. आता शालूबाईची सून सांगते की पाण्याच्या घसरगुंडीवर गळ्यात काही ठेवू देत नाहीत, दोरा अडकला तर फास बसतो. ते बरोबरच आहे. मग काढलेलं लिंग ठेवायचं कुठे? जिथे लोक चपला आणि ओले कपडे कोंबतात त्या कपाटात नाही. जमिनीवर तर नाहीच. तुझ्या हातात म्हणशील, तर सोमूला घेऊन तू पाण्यात असणार. म्हणजे कुणीतरी एकजण पाण्याबाहेर लिंग घेऊन बसायला हवा. म्हणून मी येतो म्हणत होतो. ते तुला नको आहे.

मग बाहेर कोण बसणार?

याचं उत्तर फोनवर देऊ नकोस. फोन स्पीकरवर असतो.

तुझे मामा,
महांतेश


हातकणंगले,
बुधवार, २२ मे २०२४

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

चि. रक्षितास,

आशीर्वाद. पोरं मजेत आहेत. सोमूचं नाक सोललंय, त्याला तुझी सासू लोणी लावते आणि तो ते चाटतो. शेळीचा विषय मागे पडला आहे, आता बादलीत बसून घसरायचं चाललंय.

रविवारी तू पोरांना न्यायला आलीस तेव्हा गाडी दारात आली नाही. पलीकडे चावडीपाशी उभी राहिली. संध्याकाळीही तिथेच. तू पोरांची बोटं धरून चालत आलीस आणि चहासुद्धा न घेता गेलीस. चेकिंगची जीप दिसली की काही लोक एक स्टॉप आधीच उतरतात, तसं मला वाटलं. मी ओट्यावरून मान लांब करून बघितलं, पण काचा काळ्या होत्या.

पोरं आत आल्यावर मी माझं काम केलं. शांभवीच्या गळ्यात लिंग होतं. दोरा हातात घेऊन बघितला. कोरडा, सकाळी होता तसा. त्यावरची विभूतीसुद्धा पुसलेली नव्हती. पोरीचे केस ओले, फ्रॉक ओला, सोमूचे तर कानही पाण्यानं भरलेले, आणि दोरा कोरडा. ज्या चांदीच्या डबीत लिंग असतं त्या करडगीभोवती एक रुमाल गुंडाळलेला. स्वच्छ, इस्त्रीचा, निळ्या चौकटींचा, पुरुषाचा. आपल्या घरातला नाही. बसवेशचे रुमाल पांढरे असायचे, ते अजून कपाटात आहेत.

मी पोरीला विचारलं, "लिंग कुणाकडं ठेवलंतीस?" तर म्हणाली, "मम्मीकडं." खोटं बोलताना ती तुझ्यासारखीच पायाच्या अंगठ्यानं फरशी घासते. मी आवाज चढवणार होतो. तुझ्या सासूनं रुमाल माझ्या हातातून घेतला, धुवायला टाकला आणि म्हणाली, "पोरगी दमल्या. झोपू दे तिला."

त्या रात्री मी जेवलो नाही. रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. तुझ्यावर, सासूवर, त्या काळ्या काचांवर.

सोमवारी सकाळी सोमू दशमी खात बसला होता. रविवारचीच उरलेली. खाता खाता आपणहून म्हणाला, "अज्जा, धैर्यकाकांनी पाण्यात पाय बी घातला न्हाय."

शांभवीनं त्याला चिमटा काढला. तो ओरडला. मी म्हणालो, "चिमटा कशाला काढतीस? कोण धैर्यकाका?"

"मम्मीच्या दवाखान्यातलं. लॅबमधलं." मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "धैर्यशील नाव हाय त्यांचं. तुम्ही रागावणार की आता."

मी रागावणार नाही असं म्हणालो. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, आणि जसं सांगितलं तसंच तुला लिहितो, कारण तू पाण्यात होतीस, तुलाही सगळं माहीत नसेल.

घसरगुंडीपाशी तिथल्या माणसानं तिला गळ्यातलं काढायला लावलं. ती रडायला लागली. म्हणाली, खाली ठेवायचं नसतं, अज्जा रागावत्यात. तेव्हा हा तुझा धैर्यशील तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तिला विचारलं, "मी धरलं तर चालंल काय? मी तुमच्यातला न्हाय. आमच्यात मटण खात्यात." आठ वर्षांच्या पोरीनं विचार केला म्हणे. मग म्हणाली, "हात धुवा, आणि रुमालात धरा." जे स्वामींना विचारायचं ते त्यानं माझ्या नातीला विचारलं, आणि ती म्हणाली तसं केलं. नळावर जाऊन हात धुतले, खिशातला रुमाल काढला, आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

बसायला जागा नव्हती. ते तू खरंच सांगितलं होतंस, त्या कारणावर मी उगाच संशय घेतला. कपाटांचा माणूस त्याला म्हणाला, "पावणं, ठेवा की आत, कुलूप हाय." तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." सोमू पाण्यातून हाका मारत होता, या की, या की. तो काठावरून हसत होता, पण आत आला नाही. पोरं पाण्यात होती तोवर उन्हात तसाच.

मग शांभवी म्हणाली, "त्यांनी जेवण बी केलं न्हाय अज्जा. हातात देव हाय म्हणालं. मग मम्मीनं घास भरवला."

हे ऐकलं आणि मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

रक्षिता, तुला सांगतो, त्या घासानं मला जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या बायकोच्या हातची दशमी. तू बसवेशला असाच भरवायचीस, तो गाडी चालवताना. मी मागच्या सीटवर असायचो आणि खिडकीतून बाहेर बघायचो. तो जाऊन दोन वर्षं झाली आणि मी मनात धरून बसलो होतो की ते सगळं आहे तिथेच थांबलंय. तुझं तसं थांबायला नको, हे मला कळत होतं. फक्त ते माझ्यासमोर व्हायला नको होतं. आणि तू ते माझ्यासमोर केलंही नाहीस. गाडी चावडीपाशी उभी केलीस. तो माझा मान होता, आणि मी त्याला लपवाछपवी म्हणत होतो.

मग मी फोन हातात घेतला. माझे जुने कंडक्टर गारगोटीपासून शिरोळपर्यंत पसरलेत. धैर्यशील कोण, कुठला, घर कसं, दारू पितो का, आधीचं लग्न आहे का, सगळं संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे आलं असतं. आकारामचा नंबर लावलासुद्धा. तो "बोला साहेब" म्हणाला आणि मी त्याला त्याच्या शुगरबद्दल विचारून फोन ठेवला.

कारण असं की, गाडीत तपासनीस चढला की सगळेच तिकीट दाखवतात. त्यातून माणूस कळत नाही. तपासनीस नाही, कंडक्टर झोपलाय, गाडी रिकामी आहे, आणि तरी जो उठून तिकीट मागतो, त्याची वेगळी चौकशी करायची नसते. मी तिथे नव्हतो. जो म्हातारा आपल्याला दारात उभं करणार नाही असं त्याला पक्कं ठाऊक होतं, त्या म्हाताऱ्याचा देव तो उन्हात धरून उभा राहिला.

काल रात्री तुझ्या सासूला म्हणालो, "तुला ठाऊक हुतं." ती म्हणाली, "व्हय." मी म्हणालो, "कधीपासनं?" ती म्हणाली, "तुम्ही तपासत बसला हुता तवापासनं." रुमाल तिनं धुऊन इस्त्री करून ठेवलाय.

आता माझी भीती सांगतो आणि मग थांबतो. लग्न केलंस तर पोरं त्याच्या घरची होतील, सुट्टीतली वाट बदलेल, आणि एक दिवस सोमूला त्याचा बाप फोटोतला वाटायला लागेल. मला रात्री झोप लागत नाही ती यामुळे, तुझ्या चालचलणुकीमुळे नाही. तेव्हा एकच मागतो. मे महिना आणि दिवाळी पोरं इथे येऊ देत. लिंग शांभवीच्या गळ्यात राहू दे, ती मोठी होऊन स्वतः काय ते ठरवेपर्यंत. एवढं दिलंस तर बाकी कशालाही माझी हरकत नाही. हे मी तुझ्या सासूसमोर बसून लिहितोय, आणि ती डोळे पुसत असूनही चष्म्याला दोष देते आहे.

शाळा सुरू व्हायच्या आधी एखाद्या रविवारी परत त्या पार्कला जायचं, असं पोरांनी आणि मी ठरवलंय. या वेळी गाडी दारात आण. धैर्यशीलला सांग, नायलॉनचे कपडे घेऊन ये, सुती चालत नाहीत. सोमूला पाण्यात खांद्यावर बसायची हौस आहे, तुझे खांदे त्याला पुरत नाहीत. सोमूचे पाय घट्ट धरायला सांग, तो मध्येच उडी मारतो. आणि खाऊन घ्यायला सांग, पोटभर, स्वतःच्या हातानं.

माझ्यासाठी छत्री आणि घडीची खुर्ची गणपतरावांकडून मागून ठेवली आहे. लिंग मी धरतो. त्याला आत जाऊ दे.

पाण्याबाहेर बसणारा,
तुझा मामा,
महांतेश