छत्तीस आठवडे, एक दिवस

८ सप्टेंबर, सोमवार
केतकीचा दिल्लीहून फोन. येत्या रविवारचं, १४ चं पुण्याचं तिकीट रद्द करतेय. सासूबाईंचं म्हणणं, पितृपंधरवड्यात पोटुशी सून बाहेर पाठवत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर मात्र त्यांचंही दुमत नाही. घटस्थापनेला, २२ ला पाठवू म्हणाल्या.
एरवी मी दोन शब्द सुनावले असते. आज गप्प बसले. दिवाळी अंक २५ ला छपाईला जायचाय, निम्मे लेख अजून वाचायचेत. १४ ला ती आली असती तर माझी तारांबळच होती.
विहीणबाईंना म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. नागपूरच्या बाई, मोकळ्या मनाच्या. "तुम्ही समजून घेता म्हणून बरं आहे हो ताई." त्यांना वाटलं मी समजून घेतलं.

११ सप्टें.
२२ सुद्धा अडचणीचंच. के.ला म्हटलं, २६ ला ये, शुक्रवारी. अंक गेलेला असेल, मी मोकळी.
"आई, विमानवाले छत्तीस आठवड्यांपर्यंतच घेतात."
"मग? छत्तिसावाच चालू असेल ना."
"असेल. पण इतकं कडेला नको वाटतं."
"कडेला काय! तुझ्या वेळी आठव्यात मी एस्टीने सोलापूरला जाऊन आले."
हसली. तिकीट २६ चं. जावई सोडायला येणार, रविवारी परत जाणार.

१५ सप्टें.
के.ची खोली रिकामी केली. ह्यांनी खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, स्क्रू मोजून घेतले, मोजून परत दिले. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला टाकली. आळीव, डिंक, बाळंतशेपा आणल्या. मालिशवाल्या शेवंताबाई धानोरीहून येऊन खोली बघून गेल्या. "कवा येनार हाय पोरगी?" २६ ला म्हटलं. "आन् दिवस कवाचे?" दिवाळीनंतर दोन दिवसांनी. "मंग लई उशिरा आनताय."
 

१९ सप्टें., शुक्र.
प्रकाशकांचा फोन. यंदा माझ्या संपादनाचा पंचविसावा अंक. शनिवारी २७ ला संध्याकाळी नारायण पेठेत घरगुती सत्कार ठेवलाय. मी म्हटलं, मुलगी आदल्याच दिवशी येतेय. "मग तिलाही आणा की!"
तिला कुठे आणू? आणि जावई घरात असताना दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर, हे सोमवारी विहीणबाईंच्या कानावर. पंचवीस वर्षांत कुणी साधा पेढा दिला नाही. नाही म्हणायला जीभ रेटेना.

२० सप्टें.
के.ला फोन. म्हटलं, शेवटचा फर्मा, छपाईची शेवटची सोळा पानं, अडकलाय, जाहिरातींची पानं यायचीत. शुक्रवारी नको, रविवारी ये. दोनच दिवस.
"आई, रविवारपर्यंत छत्तीस होतात."
"होतात म्हणजे लागतात गं."
"नक्की ना? मी बदलून घेते. पण तू म्हणतेस म्हणून."
'सत्कार' म्हणता आलं असतं. हसली असती, चिडवलं असतं, कदाचित शुक्रवारीच येते आणि बसते पहिल्या रांगेत, असंही म्हणाली असती. तोंडातून निघालं नाही.

२५ सप्टें.
अंक गेला. दुपारी साडेचारला. एकही पान अडकलं नव्हतं.

२७ सप्टें., शनि.
शाल, श्रीफळ, मोठा गुच्छ. शंभरेक माणसं. एका वक्त्याने सांगितलं, बाईंनी पंचवीस वर्षांत एकही तारीख चुकवली नाही. टाळ्या. हे कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत.
छान झालं. उगाच खोटं कशाला लिहू, छान वाटलं.

२८ सप्टें., रवि.
पावणेबाराला जावयाचा फोन, दिल्लीच्या विमानतळावरून. आम्ही दुपारी लोहगावच्या विमानतळावर जाणार होतो, ह्यांनी पाण्याची बाटली, उशी गाडीत ठेवलेली.
के.ला विमानात घेतलं नाही.
डॉक्टरांचं प्रमाणपत्र शुक्रवारचं. त्यावर ३५ आठवडे, ६ दिवस. काउंटरवरच्या मुलीने तारीख बघितली आणि म्हणाली, याला दोन दिवस झाले, मॅडम. छत्तीस पूर्ण झाल्यावर आम्ही नेत नाही. छत्तीस आठवडे, एक दिवस. जावई वाद घालत होता. के.ने त्याला थांबवलं म्हणे. ट्रॉली वळवून ती स्वतःच बाहेर आली.
चूक माझी. मी 'छत्तीस' हे 'छत्तिसावा लागला' असं धरलं. आपण महिने असेच मोजतो, नववा लागला म्हणजे आठ भरले. त्यांच्याकडे छत्तीस म्हणजे छत्तीस भरले. दुसऱ्यांच्या लेखांतली एकेक सनावळी तपासणारी मी.
ह्यांनी उशी गाडीतून वर आणली.

२९ सप्टें.
के.च्या डॉक्टरांना विचारलं. रेल्वेचा दिवसभराचा प्रवास नाही, मोटार तर नाहीच. बाळंतपण आता दिल्लीतच. त्यांनी सहज विचारलं, "शुक्रवारी का नाही निघाली? शुक्रवारी चाललं असतं."
मी म्हटलं, घरी अडचण होती.

३० सप्टें.
विहीणबाईंचा फोन. "ताई, काही टेन्शन घेऊ नका हो. पोरगी आमचीच आहे ना. मी करून राहिली सगळं. डिंकाचे लाडू पण आजच वळले."
माझा डिंक डब्यात.
म्हणाल्या, तुम्हीही या नक्की. मग, खोल्या दोनच आहेत, दवाखान्यात सोबतीला एकालाच सोडतात, नाव माझंच दिलंय, वेळेवर धावपळ नको. सगळं गोड आवाजात. एका शब्दात खोट काढता येत नाही. बाई चांगल्या आहेत, हाच माझा त्रास.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी के.ला शुभेच्छांचा फोन केला. उचलला नाही. दुपारी तिचा मेसेज. आधी एक फोटो. सत्काराचा. कुणीतरी फेसबुकवर टाकलेला, खाली तारखेसकट: शनिवार, २७. मी शाल पांघरून हसतेय, हे मागे.
खाली तिची ओळ: "छान दिसतेयस. फर्मा सुटला वाटतं."
घरात श्रीखंड तसंच राहिलं.

३ ऑक्टो.
ह्यांना फोटो दाखवला, मेसेज दाखवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.
"तिला काय सांगितलं होतंस?"
सांगितलं.
"मला वाटलं तिला माहीत आहे. मी टाळ्या वाजवत होतो."
एवढंच. नंतर बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आमच्या डोक्यावरून दिवसाला इतकी विमानं जातात, एरवी आम्हाला ऐकूही येत नाहीत.

६ ऑक्टो.
के. फोन घेते, पण बाबांचा. मी शेजारी बसून ऐकते. वजन, पायांची सूज, बाळाची हालचाल. "आईला देऊ?" असं हे विचारतात. मग "बरं, बरं" म्हणून ठेवतात. मला म्हणतात, डॉक्टरकडे जायची घाई होती तिला. रोज घाई.

७ ऑक्टो.
शेवंताबाई आल्या, पोरगी आली का विचारत. नाही येत म्हटलं. विमानवाल्यांनी घेतलं नाही.
"मेल्यांचं वाटोळं हो," म्हणाल्या. "लेकीला आईपासून तोडत्यात."
मी मान हलवली. चहा केला त्यांना. दुपटी त्यांच्या नातवासाठी देऊ का विचारलं. नको म्हणाल्या, नवी दुपटी अशी देऊ नयेत.

९ ऑक्टो.
अंक छापून आला. प्रती घरी. चांगला झालाय. पहिल्याच पानावर माझं मनोगत. त्यातली 'मी एकही तारीख चुकवली नाही' ही तिसरी ओळ आज वाचवली नाही.

१० ऑक्टो.
के.ला लांबलचक मेसेज लिहिला. लिहिला, कापला, पुन्हा लिहिला. सवयीने सगळी कारणं काढून टाकली. उरलं ते पाठवलं: 'अंक २५ लाच गेला होता. सत्कारासाठी थांबवलं तुला. सांगायची लाज वाटली.'
वाचलं गेलं. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१३ ऑक्टो., सोम.
आज तिनेच फोन केला. मला. आवाज जड, दम लागत होता.
"आई, आळीव दुधात आधी भिजवायचे की उकळताना टाकायचे?"
"आधी. तासभर तरी. तुझ्या सासूबाईंना..."
"त्या भाजतात. मला तुझे हवेत."
 पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "के., मी येऊ का? शनिवारचं, अठराचं विमान आहे. दवाखान्यात नको, मी हॉलमध्ये राहीन."
कुकरची दुसरी शिट्टी झाली. 
"बघ. त्या दिवशी तुझं दुसरं काही नसेल तर."
आणि ठेवला.

१४ ऑक्टो.
तिकीट काढलं. एकटीचं. ह्यांनी विचारलं, "ती हो म्हणाली?"
नाही म्हणालेली नाही, असं सांगितलं. तेवढं तरी खरं आहे.