भिंतीवरची रिंग

प्रिय आत्या,

तू नेहमी म्हणायचीस, "विद्यापीठात दोन वर्षं भिंतीशी झुंजलो, पदरात काय पडलं? धूळ!" मुलींना बास्केटबॉलच्या कोर्टावर पाय ठेवू देत नव्हते, म्हणून तुम्ही मैत्रिणींनी बाहेरच्या भिंतीवर विटेने घासून घासून रिंग काढली आणि तिच्यावरच नेम धरत राहिलात. ताडमाड तू, म्हणून टाचा उंचावून काढलीस तूच.

आज माझ्या लेकीची तुझ्याच विद्यापीठाकडून पहिली मॅच होती. अगं, ती बाहेरची भिंत आता आत आलीय! कोर्ट वाढवताना तिला धरूनच हॉल बांधलाय. सगळीकडे नवा रंग, तेवढा एक विटकरी गोल सोडून. मॅचआधी एकेक पोरगी धावत आली आणि उडी मारून त्या गोलाला हात लावून गेली. सगळ्यात बुटकीला दोघींनी उचललं.

"हे काय असतं?" मी कोचबाईंना विचारलं.

"काय माहीत! आमच्या वेळीही होतं. रंगाऱ्याने त्याला ब्रश लावला तर पोरी माझी खैर ठेवणार नाहीत."

"माझ्या आत्याने काढलाय तो."

बाईंनी शिट्टी फुंकली. मग ओरडल्या, "पोरींनो, यांना उचला!"

या वयात, या वजनासकट, उचललं गं मला! हात लागला.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वाचून "काहीतरीच!" म्हणशील आणि घरी बसशील. शनिवारी फायनल आहे, मी गाडी घेऊन दारात येते, तेव्हा हे हातातच देईन. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. उचलायला अख्खी टीम आहे.

तुझीच,
बुटकी भाची