हाताच्या अंतरावर

न्हावरे, मंगळवार, संध्याकाळ

रोज वापरायला एकच लेन्स घ्यायची, तर कोणती? लग्नांचे फोटो काढताना माझी लांबची लेन्स असते. मांडवाच्या दारातून सगळे चेहरे टिपता येतात, कुणाच्या जवळ जावं लागत नाही. तेच बरं वाटतं मला. का, हे कधी विचारलं नाही स्वतःला.

दौंडच्या मित्रानं त्याची पस्तीस एमएमची लेन्स वापरून बघायला दिली. म्हणाला, "हिला जवळ जावं लागतं हां."

आज आई गोठ्यात वैरण टाकत होती. कॅमेरा लावला तर ती एवढीशी दिसली. पुढं गेलो, आणखी पुढं, पार हाताच्या अंतरावर. तिनं वर बघितलं, वैरण तशीच ठेवली आणि तडक घरात गेली. रागावली की काय?

आली ती ठेवणीतली साडी नेसून, केस चापून. भिंतीला पाठ लावून ताठ बसली.

"काढ. माझ्या माघारी हार घालायला एक चांगला फोटू पायजेच."

"आई, मी नुसती लेन्स बघत होतो गं."

"आसं व्हय? येवढा जवळ तू कवा येत न्हाईस, म्हनून वाटलं."