डाव्या गालाचा बंदोबस्त

३ मार्च
नवीन विद्यार्थिनी आली. त्वचेची डॉक्टर आहे. अख्ख्या गावाची कातडी तपासते, पण क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडवते. मी म्हटलं, वळायच्या आधी डावा आरसा बघा. बाईंनी मान वळवली आणि आरसा सोडून माझा गाल बघितला. विचारलं, सर, कानाजवळचा हा खरखरीत डाग कधीपासून आहे? मी म्हटलं, समोर बघा, खांब आहे. खांब थोडक्यात वाचला.

डाग असणारच. इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय. तो डाग नाही, अनुभव आहे.

१० मार्च
डॉक्टरीणबाईंचं पुन्हा तेच. म्हणे, डाव्या खिडकीतून सतत ऊन येतं, म्हणून माझा डावा गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. क्लिनिकवर या. मी म्हटलं, तुम्ही आधी रिव्हर्स शिका. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

घरी बायकोला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. गाढवपणा केला. ती हसली नाही. मला खिडकीशी नेऊन गाल बघितला आणि परस्पर अपॉइंटमेंट घेऊन मोकळी झाली.

१४ मार्च
क्लिनिक. बाईंनी भिंग लावून डाग बघितला. आज घाबरण्यासारखं काही नाही, पण हा डाग पुढे बिघडू शकतो, म्हणाल्या. बिघडला तर कापावा लागेल. ते टाळायचं असेल तर बारा महिने, रोज, ढग असोत की थंडी, सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्या. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

मी सांगितलं, शिस्त मला शिकवू नका. मी रोज लोकांना घोकून घेतो की रस्ता रिकामा असला तरी आरसा बघायचा, कारण सवय रिकाम्या रस्त्यावरच लागते. बाई म्हणाल्या, अगदी तसंच आहे हे. काय तुलना आहे. कुठे ड्रायव्हिंग, कुठे मलम.

तरीही संकल्प केला. उद्यापासून रोज. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही.

१५ मार्च
सनस्क्रीन लावली. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक म्हणाला, ताप आहे का, चेहरा पांढराफटक दिसतोय. त्याला सौंदर्यातलं काय कळतं? त्याने ऑफिसला मोरपंखी रंग दिलाय.

दुपारी एक साधा शोध लागला. ऊन येतं डावीकडून. मग उजव्या गालाला क्रीम कशाला? लोक सगळं तोंड माखून बसतात, कारण विचार करायची सवय नाही. मी फक्त डावा गाल घेणार. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवरच ठेवली. डोळ्यांसमोर असली की विसरायचा प्रश्न नाही.

२ एप्रिल
आमच्याकडे सकाळी सातची बॅच घेणारी एक इन्स्ट्रक्टर आहे. हातमोजे, लांब बाह्या, टोपी, तोंडाला स्कार्फ, वर गॉगल. मी तिला पार्सल म्हणतो. फक्त पत्ता चिकटवायचा बाकी आहे. शिकवणाऱ्याचा दरारा हवा. माझं कोपर खिडकीबाहेर असतं, त्यात अधिकार दिसतो.

रात्री बायकोने पुन्हा विषय काढला, मला गाडी शिकवा. मी प्रेमाने समजावलं की तुला जमणार नाही, तू घाबरट आहेस. तिने दिवा बंद केला. पटलं असावं.

२१ एप्रिल
ट्यूब दाबली तर पाणी वेगळं आलं, चिकटा वेगळा. डॉक्टरीणबाई गिअर चुकवत म्हणाल्या, डॅशबोर्डवर तापून खराब झाली असेल, सावलीत ठेवायची असते. म्हणजे उन्हापासून वाचवणारी वस्तू स्वतः उन्हात टिकत नाही, आणि ही माझं रक्षण करणार. नवीन ट्यूब आणेपर्यंत ब्रेक घेतला.

१२ मे
टोपी घालून बघितली. रिव्हर्स शिकवताना मला डोकं खिडकीबाहेर काढावं लागतं. टोपी उडाली आणि मागच्या टेम्पोखाली गेली. टेम्पोवाला हसला. असल्या लोकांच्या हातात स्टिअरिंग आहे, म्हणूनच ही अवस्था. पार्सल म्हणे डोकं आत ठेवून, नुसते आरसे बघून रिव्हर्स शिकवते. ज्यांना अनुभव नसतो त्यांना आरसे लागतात.

बायको रोज सकाळी फिरायला जायला लागली. चांगलं आहे. चहा थर्मासमध्ये भरून ठेवते.

१६ जून
तपासणीची तारीख. गेलो नाही. आकाश ढगांनी भरलंय. निसर्गाने एवढी मोठी टोपी घातल्यावर मी वेगळी कशाला घालू? बाई म्हणतात ढगांतूनही किरणं येतात. डॉक्टरांना पावसाळ्यातही दुकान चालवायचं असतं.

९ जुलै
डॉक्टरीणबाई ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्या. पहिल्या फटक्यात. परीक्षक ढिला होता. जाताना मला नवीन सनस्क्रीन दिली आणि म्हणाल्या, सर, तुम्ही सांगितलेला प्रत्येक आरसा मी बघितला, आता तुम्ही एवढं करा. खोचक बाई.

ट्यूब बायकोला देऊन टाकली. ती रोज लावते. फिरायला जाताना हल्ली हातमोजेसुद्धा घालते. माझ्याच घरात पार्सल तयार झालं.

५ सप्टेंबर
नवा उपाय. खिडकीची काच बंद, एसी चालू. ऊन बाहेर, मी आत. खर्च शून्य. हे कुठल्याही डॉक्टरला सुचलं नव्हतं. बायकोने क्लिनिकवर फोन करून विचारलं, तर काचेतूनही त्वचा बिघडवणारी किरणं येतात म्हणे. मग काचेचा उपयोग काय? मी वाद घालत नाही. आपली पातळी सांभाळावी.

१८ नोव्हेंबर
थंडी. ऊन कोवळं, बसायला छान. या दिवसांत सनस्क्रीन लावणाऱ्यांची मला कीव येते.

दाढी करताना डागातून रक्त आलं. ब्लेड भिकार होतं. बदललं.

७ डिसेंबर
चौथ्या कंपनीचं ब्लेड. तरी रक्त. सगळे चोर आहेत. दाढी ठेवायचा विचार आहे, दाढी म्हणजे नैसर्गिक टोपीच.

बायकोला उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला. तिने अभ्रा काढला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मी म्हटलं, धुतल्यावर निघेल. ती आत निघून गेली. मला रात्री झोप आली नाही. गादी जुनी झालीय.

८ जानेवारी
क्लिनिक. बायको घेऊन गेली. बाईंनी भिंगातून बघितलं. मला वाटलं आता भाषण होणार. सगळी उत्तरं तयार होती: ढग, काच, ब्लेड. त्यांनी डागाचा लहान तुकडा तपासणीला पाठवला आणि सर, बसा, पाणी घ्या, म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीती वाटली. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

१६ जानेवारी
रिपोर्ट आला. वाईट जातीचा निघाला. पण पसरणारा नाही, पूर्ण कापला तर सुटका. पुढच्या आठवड्यात कापणार. मालकाला सांगितलं, किरकोळ काम आहे. मालकाने माझी बॅच पार्सलला दिली. विद्यार्थ्यांचे हाल आहेत.

२३ जानेवारी
कापलं. कानापासून गालापर्यंत टाके, वर पट्टी. पूर्ण निघालं, असं बाई म्हणाल्या. आता जन्मभर तपासण्या. मान डावीकडे वळत नाही.

न्यायला मेहुणा गाडी घेऊन येणार होता. बाहेर त्याची गाडी होती, मेहुणा नव्हता. बायकोने दार उघडून मला डावीकडे बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. मी म्हटलं, हे काय? तिने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. मे महिन्यापासून रोज सकाळी पार्सलच्या सातच्या बॅचला. मालकाला माहीत, मेहुण्याला माहीत, डॉक्टरीणबाईंना माहीत. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्हाला सांगून काय होतं ते वर्षभर बघितलं ना.

बेल्ट लावला. आरसे नीट केले. माझ्या बाजूच्या काचेवर ओढणी लावून दिली. मग गाडी अशी सुटली की मला कळलंसुद्धा नाही. मी घरापर्यंत एक चूक शोधत होतो. एक मिळाली असती तरी पुरे होती.

चौकात समोरून ट्रक आला तेव्हा मी पाय दाबला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक असतो. इथे नुसतं पायपुसणं. तिने आधीच ब्रेक मारला होता, हलक्या पायाने.

दारात आल्यावर तिने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही. तिने खाली माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, आता पाय काढा, गाडी कधीची थांबलीय.