लॉगबुकातले एकवीस किलोमीटर

ता. १४, मंगळवार, संध्याकाळ

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. माझं ब्लडप्रेशर चढलंय, पण आज ते चढणारच. तुझी आई सारखी म्हणते, "अहो, आता तरी बसा." बसवतच नाही, पोरी! दोन वर्षं तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहितोय. फाडण्याआधी वाच.

आज संसदेच्या समितीपुढे माझी साक्ष झाली. माझी, सातवी नापास ड्रायव्हरची! केंद्रीय पोलिसांनी मंत्र्यांच्या सांगण्यावरून कोणाकोणाला आत टाकलं, ते ही समिती शोधतेय. मी ज्यांची गाडी चालवायचो, त्या पोलीस साहेबांच्या फायली चकाचक निघाल्या. मग समितीने गाड्यांची लॉगबुकं, म्हणजे फेऱ्यांच्या नोंदवह्या, मागवली.

लॉगबुकात ठिकाण मी साहेब सांगतील ते लिहायचो. किलोमीटर मात्र खरे टाकायचो. मीटर आणि वही जुळली नाही तर नोकरी जाईल, ही धास्ती.

अध्यक्ष बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "काका, ठिकाण कोर्ट लिहिलंय. कोर्टात जाऊन येऊन आठ किलोमीटर होतात. इथे एकवीस कसे?"

समोर माझे साहेब बसलेले. पेन्शन बंद होईल, घर कसं चालेल, सगळं डोक्यात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, गाडी कोर्टात गेलीच नव्हती. मंत्र्यांच्या बंगल्यावर गेली होती."

अशा एकोणीस फेऱ्या दाखवल्या मी! साहेबांचा वकील म्हणाला, "या वयात आठवण दगा देते."

म्हटलं, "आठवण देत असेल वकीलसाहेब, मीटर नाही." सगळे हसले, बाईसुद्धा.

बाई म्हणाल्या, आता कायदा येतोय. मंत्र्याला पोलिसांना काही सांगायचं असेल तर लेखी, सहीनिशी, आणि समितीला दाखवून. त्या एकोणीस केसेस पुन्हा तपासणार आहेत. त्यात जावईबापूंचीही आहे!

चिमणे, ती एकविसाची फेरी त्यांचीच. परतताना साहेब मागच्या सीटवरून फोनवर म्हणाले, "पुलाच्या सिमेंटची तक्रार करणारा इंजिनिअर उद्या सकाळी उचला." आणि जावईबापूंचं नाव घेतलं. आपलं नातं त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? चहा घेतला, गळका नळ दुरुस्त केला, जावईबापूंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघालो. सांगायलाच आलो होतो. जीभ उचलली नाही.

पुढेही त्याच साहेबांची गाडी चालवली, म्हणून तू रागावलीस. एवढंच तुला माहीत होतं.

तो इंजिनिअर माझा जावई, हे मी सांगितल्यावर बाईंनी शेवटी विचारलं, "घरी कोणाला सावध केलंत?"

"नाही," म्हणालो. ते उद्याच्या पेपरात येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून पहाटेच्या बसने येऊन हे पत्र दाराखालून सरकवीन. आधी जावईबापूंना वाचू दे. मी खाली फाटकाशी थांबतो. त्यांनी बोलावलं तरच वर येईन.

सात महिने त्यांना तुरुंगात राहू देणारा,
तुझा बाप