अडीचशे तासांचा फिल्टर

अंबरनाथ (पूर्व)
१७ जानेवारी २००७

प्रिय बाळाजी,

सप्रेम जय भीम.

घरी सगळे ठीक असतील. बनूवहिनींचा गुडघा कसा आहे? अक्षय आणि सूनबाई देवदर्शनाहून परतले असतील. आमच्याकडे माया बरी आहे, स्वप्नालीची परीक्षा मार्चमध्ये आहे, आणि आनंदनगरला कंपनीत माझी या महिन्यात पहिली पाळी आहे. आमच्यात संक्रांत नसते हे तुला ठाऊक आहे, तरी चौथीत एका बाकावर बसलो तेव्हापासून तुझ्या घरचा तिळगूळ दरवर्षी यायचा. यंदा आला नाही. बरं झालं. आला असता तर परत पाठवावा लागला असता.

फोन करता आला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

गेल्या महिन्यात अक्षयच्या हळदीला, मांडवात, व्याह्यांसमोर आणि गावातल्या चाळीसएक माणसांसमोर तू माझ्याबद्दल जे बोललास, ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या लक्षात आहे आणि त्या चाळीस जणांच्याही आहे. मी तेव्हा गप्प बसलो. कारण मंगलकार्य होतं आणि मला रीत कळते. आता कार्य उरकलं.

मुद्दा तुझ्या ट्रॅक्टरचा आहे. तो अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर मी निवडला, कारण तुझी खाचरं लहान, मोठा ट्रॅक्टर वळला नसता. त्याचं इंग्रजी मॅन्युअल मी डिक्शनरी घेऊन दोन पावसाळे वाचलं. तीन वर्षं त्याला माझ्याशिवाय कोणी पाना लावला नाही. दर अडीचशे तासांना सर्व्हिस, मीटर बघून, अंदाजाने नाही. शेवटची सर्व्हिस रविवार दिनांक २ जुलैला, तुझ्याच अंगणात. बुधवारी चिखलणी चालू असताना इंजिन जाम झालं. तेव्हापासून तू गावभर सांगतोस की हरीने तेलच नीट भरलं नाही. सात महिन्यांत तुझ्या गावातून मला एक माणूस बोलवायला आला नाही.

आता मी त्या रविवारी काय केलं ते नीट वाच. सकाळी आठला इंजिन दहा मिनिटं चालवून तेल गरम केलं, कारण गार तेल सगळं उतरत नाही आणि कचरा चेंबरमध्येच बसून राहतो. खालचा नट काढून पंचवीस मिनिटं निथळू दिलं. नटाला तांब्याचा नवा वॉशर. ऑइल फिल्टर बदलला. तो फिल्टर मी उल्हासनगरहून तीन डबे उघडून निवडला होता, दुकानदार म्हणालासुद्धा, "साईं, फिल्टर लेने आया है या लडकी देखने?" डिझेल फिल्टर बदलला आणि लाइनमधली हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढली. एअर क्लीनरची वाटी रॉकेलने धुतली, तिच्यात खुणेपर्यंत तेल. खुणेपर्यंत म्हणजे खुणेपर्यंतच. मागच्या हाउसिंगमध्ये गिअरला आणि हायड्रोलिकला एकच तेल असतं, त्याची जाळी काढून साफ केली. रेडिएटरचं पाणी बदललं. ऑइलची काडी तीन वेळा पुसून तीन वेळा बघितली. तेल वरच्या रेघेला होतं.

मग बुधवारी तेल गेलं कुठे? मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. तू ट्रॅक्टर बांधावरून घातलास. खालच्या नटाला दगड लागला. समोर तेलाचा लाल दिवा पेटला असणार, तो तू बघितला नाहीस, कारण तू गाडी चालवताना बांधावरच्या बायकांना हाका मारत असतोस.

माझ्याकडे पुरावा आहे. त्या दिवशी काढलेला जुना फिल्टर मी फळीवर जपून ठेवलाय, पांढऱ्या रंगाने तारीख घालून. मी प्रत्येक फिल्टर ठेवतो आणि वर्षाकाठी ब्लेडने कापून आतला कागद तपासतो. इंजिन आतून झिजत असेल तर त्या कागदात पितळेचे कण सापडतात; अडीचशे तास चाललेल्या या कागदात एक कण निघणार नाही. म्हणजे २ जुलैपर्यंत इंजिन ठणठणीत होतं आणि पुढचं पाप तुझं.

रविवार २८ तारखेला सकाळी दहा वाजता तुझ्या गावच्या चौकात मी तो फिल्टर सगळ्यांसमोर कापणार. मांडवात होती तीच माणसं हवीत. व्याही तर हवेतच. मग तू बोललास ते तोंडाने परत घ्यायचंस. नाही घेतलंस तर बदलापूरपासून वांगणीपर्यंत ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या दारात जाऊन मी तो कागद दाखवीन.

वहिनींना नमस्कार. त्यांच्यावर माझा राग नाही.

हरिचंद्र ओव्हाळ


अंबरनाथ (पूर्व)
२४ जानेवारी २००७

बाळाजी,

जय भीम.

तुझा निरोप तुमच्या गावच्या हिंदुरावाने स्टेशनबाहेर त्याची रिक्षा थांबवून सांगितला. "बाळाजी म्हणला, ये खुशाल. सगळे जमवतो, व्याही पण येणार." वर स्वतःची भर, "काय मिस्त्री, मांडव घालू का?" घाल म्हणालो. तो हसला, मीपण हसलो. तेव्हा मला हसू येत होतं.

वहिनींचा गुडघा दुखतोच आहे असं तो म्हणाला. मायाने तेल दिलंय, रविवारी आणतो.

काल पाळीवरून येऊन मी फिल्टर खाली काढला. चौकात दाखवायचा म्हणून रॉकेलने पुसायला घेतला. तोंडाकडची बाजू पुसताना बोट अडखळलं. तिथे एक खाच असते, तिच्यात काळी रबरी रिंग बसते. फिल्टर इंजिनवर घट्ट बसतो तो या रिंगेवर. जुना फिल्टर काढला की जुनी रिंग त्याच्याबरोबर खाली यायला हवी. माझ्या हातातल्या फिल्टरला रिंग नव्हती.

फळीवर पडली असेल म्हणून फळी रिकामी केली. बाकीचे अकरा फिल्टर एकेक करून बघितले, अकराही रिंगा जागेवर. माया म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हणालो, काही नाही.

रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. मी नवा फिल्टर तिच्यावर बसवला. एकावर एक दोन रिंगा. अशी जोडी काही तास धरते, मग तेलाच्या दाबाने एक सरकते आणि दोन-चार मिनिटांत चेंबर रिकामा. चिखलात ते कोणाला दिसणार? काडीवर तेल वरच्या रेघेला होतं हे खरं. मी तीन वेळा बघितलं हेही खरं. आणि इंजिन माझ्या हाताने गेलं हेही खरं.

वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं. "भावजी, तेल तर ह्या बाजूनं गळत व्हतं, फिल्टरकडनं." मी त्यांना म्हणालो होतो, वहिनी, तुम्ही भाकऱ्यांचं बघा. त्यांची माफी मी वेगळी मागणार आहे.

मॅन्युअल उघडलं. जुनी रिंग निघाल्याची खात्री करा, असं वाक्य त्यात आहे आणि त्याखाली लाल रेघ आहे. रेघ माझीच. मी नेहमी त्या जागेवरून बोट फिरवतो. त्या दिवशी का नाही फिरवलं तेही आठवलं. तुझे व्याही तेव्हा नुकतेच सोयरीक बघायला आले होते, ओट्यावर चहा पीत होते. तू त्यांना म्हणालास, "हा आमचा इंजिनिअर. मुंबईत असा माणूस मिळायचा नाय." मी फुगलो. एका हाताने फिल्टर आवळत, तोंडाने त्यांना डिझेलच्या लाइनमधली हवा कशी काढतात ते समजावत होतो. बोट फिरवायचं राहिलं.

हे मला सोडून कोणालाही कळलं नसतं. नवा फिल्टर तुझ्या कल्याणच्या मिस्त्रीने इंजिन खोलताना केव्हाच फेकला. हातातला फिल्टर मी नाल्यात टाकला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या एखाद्या फिल्टरवर २ जुलैची तारीख घातली असती तर रविवारी तू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला असतास. हा विचार मी केला नाही असं समजू नकोस. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून बसलो होतो.

अजून एक. डिसेंबरअखेर वांगणीचा माणूस तुझा ट्रॅक्टर विकत घ्यायचा म्हणून मला विचारायला आला होता. त्याला मी म्हणालो, "त्या मालकाच्या हातची गाडी? घ्या, पण देवाचं नाव घेऊन घ्या." तो तुझ्याकडे परत आला नाही ना? तो सौदा मी मोडला, मुद्दाम, आणि मोडला तेव्हा मला बरं वाटलं.

तेव्हा रविवारी असं होईल. दहा वाजता मी येईन. फिल्टर हातात धरून रिंगेची खाच सगळ्यांना दाखवीन आणि माझी चूक माझ्या तोंडाने सांगेन, व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. इंजिनाचं जे काम अजून अर्धवट आहे ते मी सुटीच्या दिवशी येऊन पुरं करीन. वांगणीच्या माणसाकडे मी स्वतः जाईन. यातलं काही तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मशीनशी मी खोटं बोलत नाही.

पण आता मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो.

हळदीला तू, हरीची रिंग राहिली, असं म्हणाला नव्हतास. हरीने चूक केली, असंसुद्धा नाही. हातात ताट घेऊन तू म्हणालास, "हा आमचा कोट्यातला मिस्त्री. ह्यांना सरकारनं पाना दिला, डोकं द्यायचं राहिलं." मांडव हसला. व्याही हसले. स्वप्नाली माझ्या शेजारी उभी होती, हातात आइस्क्रीमचा कप. तिने तो न खाता खुर्चीखाली ठेवला. रिक्षात मला विचारलं, "पप्पा, तुम्हाला कोटा मिळाला होता?"

मी आयटीआयची पायरीही चढलेलो नाही, बाळाजी. तुला हे माहीत आहे. बाबा गेले तेव्हा सातवीतून मला काढलं त्या दिवशी तू माझ्या घरी येऊन रडला होतास. कोटा मिळाला असता तर घेतला असता, मान वर करून घेतला असता, तो आमचा हक्क आहे. पण मला कोणी काही दिलं नाही. पानाही मी घेतला, डोकंही माझं आणि ती रिंग विसरलो तोही मीच. चूक एका माणसाची होती. तू ती सगळ्या जातीच्या अंगावर टाकलीस आणि माझ्या मुलीला ऐकू जाईल असं टाकलीस.

मला माहीत आहे, मी कबूल केल्यावर लोक म्हणतील, बघा, बाळाजी खरंच बोलला होता. म्हणू देत. म्हणूनच मी आधी बोलणार आहे. माझ्याकडे लपवलेलं काही उरलं नाही की तुझ्यापाशी सबब उरणार नाही. स्वप्नालीला बरोबर आणतोय. तिला सगळं सांगितलंय, रिंगेचंसुद्धा. ती फक्त म्हणाली, "मी पुढे उभी राहीन."

माझं बोलून झाल्यावर मी चौकातून हलणार नाही. भांडणार नाही, आवाज चढवणार नाही. चहा आणलास तर पिणार नाही. माणसं जेवायला गेली तरी मी तिथेच असेन आणि तीन वाजता परत येतील तेव्हाही. माझी सोमवारची सुटी मंजूर आहे, मंगळवारचाही अर्ज दिलाय. तू तुझा शब्द परत घेईपर्यंत मी उभा आहे.

हरिचंद्र शिवराम ओव्हाळ
मिस्त्री