पत्रात कान दिसत नाही

प्रिय राणीसरकार,

मी अगदी मजेत आहे. पहिल्याच दिवशी पोकरच्या टेबलावर अशी पानं आली की बाकीचे बघतच राहिले. कॅसिनोवाल्यांनी खूश होऊन खोली फुकट दिली. खोलीला खिडकी नाही, पण झोप तरी कुठे लागते?

मग पानं फिरली. रविवारी घरी खेळताना तू मला पकडतेस ना, थाप मारताना मी कानाची पाळी चोळतो म्हणून? इथल्या एका गृहस्थांनीही तेच हेरलं. मला पुरता धुतल्यावर त्यांनीच हसत हसत सांगितलं. माणूस मोठा प्रेमळ. माझं जेवणखाण तेच बघतात, खेळायला उसनेही तेच देतात. माझा पासपोर्टसुद्धा तेच सांभाळतात.

बाबांचा खोकला कसा आहे? गुरुवारी त्या गृहस्थांची दोन माणसं आपलं घर बघायला येतील. नुसतं बघतील. त्यांना चहा दे, पण बाबांना बाहेर येऊ देऊ नकोस. घराचे कागद मागितले तर वाद न घालता देऊन टाक.

काळजीचं काहीच कारण नाही. उद्या सगळं परत जिंकतो आणि निघतो.

पत्रात कान दिसत नाही, तेवढं एक बरं आहे.

तुझाच,
पत्तेबहाद्दर